इंदुरीच्या किल्ल्याला एक पाटी हवी

प्रति,
सरपंच, उपसरपंच, ग्रामपंचायत सदस्य
आणि ग्रामसभेला येणारे (व न येणारेही) समस्त ग्रामस्थ,
इंदुरी, तालुका मावळ, जिल्हा पुणे.



मी तुमच्या गावचा नाही, शेजारचा आहे, तळेगावचा. शिवेला शीव लागलेली असली की दोन शब्द बोलायचा हक्क असतो, आणि चार शब्द ऐकून घ्यायची तयारीही ठेवावी लागते. त्या हिशेबानं लिहितो आहे. आमच्या गावाच्या नावाला ‘दाभाडे’ जोडलं गेलं, पण इंद्रायणीकाठचा दाभाड्यांचा किल्ला मात्र तुमच्या वाट्याला आला. त्याबद्दल थोडा हेवा आहे, तो आधीच कबूल करून टाकतो.

मध्यंतरी एका रविवारी किल्ल्यातल्या कडजाईच्या दर्शनाला आलो होतो. दरवाजाशी चिंचवडकडून आलेलं एक कुटुंब उभं होतं. नवरा-बायको, दोन मुलं, एक स्कूटर. मुलीनं वडलांना विचारलं, हा किल्ला कुणाचा? वडलांनी तिथंच उभ्या असलेल्या एका पोराला विचारलं. पोरगं क्षणभरही न थांबता म्हणालं, “शिवाजी महाराजांचा.” वडील समाधानानं मान हलवून आत गेले. मुलगी मात्र दरवाजावरचा शरभ बघत राहिली. तिचा खरा प्रश्न तो असावा, पण त्याचं उत्तर देणारं तिथं कुणी नव्हतं. मीही गप्प राहिलो, हे माझं चुकलंच.

त्या पोराला दोष द्यायचा नाही. मावळात कुठल्याही दगडावर बोट ठेवलं तरी हेच उत्तर येतं आणि दहातल्या पाच वेळा ते बरोबरही निघतं. लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना यांच्यामध्ये वाढलेल्या पोरानं दुसरं काय सांगावं? पण महाराज गेले १६८० साली. हा किल्ला उभा राहिला तो त्यानंतर सुमारे चाळीस वर्षांनी, १७२०च्या आसपास, शाहू महाराजांच्या राज्यात. तो बांधणाऱ्या माणसाचं नाव आमच्या गावाच्या नावात आहे, पण तुमच्या दरवाजावर नाही.

म्हणून मागणं एवढंच आहे. दरवाजाशी एक पाटी लावा. साधी दगडाची, अंगठ्याएवढ्या अक्षरांची, मराठीत. येत्या ग्रामसभेत त्याचा ठराव करा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, यातली जी सभा आधी येईल ती. खर्च फार नाही. अवघड आहे ते पाटीवर काय लिहायचं हे ठरवणं, आणि पत्र लांबणार आहे ते त्यामुळेच.

आधी, किल्ला कुणाचा? खंडेराव दाभाड्यांचा. राजाराम महाराज जिंजीला निघाले तेव्हा त्यांच्या सोबतीला गेलेल्यांत दाभाड्यांचं घराणं होतं. पुढं शाहू महाराजांनी १७१७ मध्ये खंडेरावांना सेनापतिपद दिलं. बाळाजी विश्वनाथांबरोबर दिल्लीला गेलेल्या मराठी फौजेत ते होते. खानदेश आणि गुजरात हा त्यांच्या मोहिमांचा मुलूख. सुरतेकडून येणाऱ्या व्यापारी वाटांवर ज्यांचा वचक होता, ती माणसं आपल्या या इंद्रायणीचं पाणी प्यायलेली होती. १७२०च्या बाळापूरच्या लढाईत खंडेरावांच्या पथकातला एक शिलेदार असा लढला की शाहू महाराजांनी त्याला ‘समशेर बहादूर’ किताब दिला. त्याचं नाव दमाजी गायकवाड. हे घराणं मूळचं इथलंच, शेजारच्या खेड तालुक्यातल्या दावडीचं. या दमाजीचा पुतण्या पिलाजी, आणि पिलाजीच्या वंशातले बडोद्याचे महाराज. पुण्याहून बडोद्याला गेलेला माणूस लक्ष्मीविलास पॅलेस बघून दिपून येतो. त्या वैभवाची पहिली पावलं आपल्या दोन तालुक्यांच्या चिखलात उमटली होती हे त्याला तिथं कुणी सांगत नाही, आणि इथंही कुणी सांगत नाही.

इथवरचं लिहायला सोपं आहे. ग्रामसभेत टाळ्या पडतील, कुणी हरकत घेणार नाही. खरी परीक्षा इथून पुढं आहे.

१७२९ मध्ये खंडेराव वारले. मुलगा त्र्यंबकराव सेनापती झाला. गुजरातची चौथाई कुणी वसूल करायची यावरून पेशवे आणि दाभाडे यांच्यात बेबनाव झाला. दाभाड्यांचं म्हणणं, गुजरात आमच्या तलवारीनं मिळालेला. पेशव्यांचं म्हणणं, दौलत एक आहे आणि कारभारही एकाच हातात हवा. त्र्यंबकरावानं निजामाशी संधान बांधलं. शेवटी १ एप्रिल १७३१ रोजी गुजरातेत डभोईजवळ मराठ्यांची फौज मराठ्यांच्याच फौजेसमोर उभी राहिली. पहिल्या बाजीरावाचा जय झाला आणि छत्रपतींचा सेनापती त्र्यंबकराव दाभाडे रणात पडला.

हे पाटीवर लिहायचं की नाही?

मला ठाऊक आहे, सभेत कुणीतरी म्हणेल, “कशाला उकरून काढायचं?” दुसरा म्हणेल, “लिहायचंच, पण असं लिहायचं की अमक्यांना झोंबलं पाहिजे.” दोघांचंही ऐकू नका. पहिल्याच्या सांगण्यानं पाटी खोटी होईल, दुसऱ्याच्या सांगण्यानं ती फ्लेक्स होईल. डभोईला दोन्ही बाजूंना मराठी बोलणारी, खंडोबाचा भंडारा लावणारी माणसं होती आणि दोघांनाही आपण छत्रपतींच्याच कामात आहोत असं वाटत होतं. ज्या दारातून दाभाड्यांचे लोक मोहिमेवर निघाले, त्याच दारात डभोईची बातमी परत आली असणार. तो दिवस वगळून किल्ल्याची गोष्ट सांगितली तर नुसता बांधकामाचा तपशील उरतो.

आणि हरलेल्याला जागा देणं मावळाला नवं नाही. वडगावला जा. १७७९च्या जानेवारीत इंग्रजांची फौज बोरघाट चढून पुण्यावर निघाली होती. तिचा एक कॅप्टन, जेम्स स्टुअर्ट, कार्ल्याजवळ मारला गेला. शत्रूच तो. पण त्याची हिंमत बघून मराठ्यांनी त्याला ‘इष्टुर फाकडा’ म्हटलं आणि पुढं लोकांनी त्याची समाधी जपली. तीच फौज आमच्या तळेगावापर्यंत आली, दाणागोटा जाळून टाकलेला बघून गोंधळली, जड तोफा तळ्यात ढकलून मागं फिरली आणि वडगावला महादजी शिंद्यांपुढं तहाला बसली. परक्या फाकड्याला नारळ फोडणारा तालुका आपल्या त्र्यंबकरावाच्या मरणाचं एक वाक्य लिहायला का कचरेल?

आता उमाबाई. त्यांच्याशिवाय पाटी पुरी होणार नाही, आणि त्यांना नुसतं ‘वीरांगना’ म्हणून मोकळंही होता येणार नाही. त्या खंडेरावांच्या पत्नी, माहेर नाशिककडचं, अभोण्याच्या ठोके देशमुखांचं. सप्तशृंगगडाच्या पायऱ्यांशी त्यांचं नाव जोडलेलं आहे. दोन वर्षांच्या आत नवरा गेला आणि रणात मुलगा गेला. डभोईनंतर शाहू महाराज स्वतः तळेगावी आले, बाजीरावांना उमाबाईंच्या पायावर घातलं आणि मनं सांधायचा यत्न केला, असं सांगितलं जातं. सेनापतिपद धाकट्या यशवंतरावाच्या नावे राहिलं, कारभार उमाबाईंच्या हाती आला. १७३२ मध्ये जोधपूरच्या अभयसिंहाच्या माणसांनी डाकोरला पिलाजी गायकवाडाला दग्यानं मारलं, तेव्हा या बाईंनी फौज घेऊन थेट अहमदाबाद गाठलं. त्या पराक्रमासाठी शाहू महाराजांनी त्यांच्या पायात सोन्याचे तोडे घातल्याचं सांगतात.

ही झाली जयंतीच्या भाषणात येणारी गोष्ट. तिचा उत्तरार्ध भाषणात कधी येत नाही. १७५० साली उमाबाई नानासाहेब पेशव्यांना भेटायला आळंदीला गेल्या. गुजरातच्या निम्म्या उत्पन्नाचा करार दाभाड्यांवर लादलेला होता, तो रद्द करा, असं त्यांचं मागणं होतं. ते मान्य झालं नाही. मग त्या पेशव्यांविरुद्ध उभ्या राहिलेल्या ताराबाईंच्या बाजूला गेल्या. उमाबाईंसाठी दुसरा दमाजी गायकवाड गुजरातेतून फौज घेऊन साताऱ्याकडे आला, पण वेण्णेकाठी कोंडला गेला. १७५१ मध्ये गायकवाड आणि दाभाडे, दोघेही पेशव्यांच्या कैदेत पडले. पुढच्या वर्षी दमाजीनं निम्मा गुजरात देऊन पेशव्यांशी जमवून घेतलं आणि दाभाड्यांची बाजू सोडली. ज्यांच्या पथकातून गायकवाड वर आले ते धनी मागं राहिले, शिलेदार राजे झाले. १७५३ मध्ये उमाबाई पुण्यात वारल्या. त्यांची समाधी तळेगावला बनेश्वरापाशी आहे. म्हणजे तुमच्या गावात किल्ला, आमच्याकडे समाधी आणि आळंदीत नाकारलेली विनंती. तीन ठिकाणं, नदी एकच. ही गोष्ट सलग वाचायची तर आपल्या दोन गावांना एकमेकांच्या पाटीवर एकमेकांचं नाव लिहावं लागेल. आमच्या बाजूनं ते व्हावं म्हणून मी तळेगावातही खटपट करीन, हे वचन समजा.

दाभाड्यांची अजून एक खूण आहे. ती दगडात नाही, म्हणून तिच्याकडे लक्ष जात नाही. खंडेराव दर श्रावणात तळेगावी विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटत. डभोईनंतर ती प्रथा बाजीरावांनी पुण्यात नेली आणि पेशवाईत पर्वतीखालच्या रमण्यात ती फार मोठी झाली. पेशवाई गेल्यावर इंग्रजांनी तो खर्च एकदम तोडला नाही. त्यातलाच काही पैसा वळवून १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. आजच्या डेक्कन कॉलेजची मुळं तिथं आहेत. १८४९ मध्ये लोकहितवादी आणि त्यांच्या सोबत्यांनी सरकारकडे अर्ज केला, की या दक्षिणेतला काही भाग चांगल्या मराठी पुस्तकांना बक्षीस म्हणून द्यावा. पुण्यात केवढा गहजब झाला! अर्जदारांवर हल्ला होईल अशी भीती होती, तेव्हा जोतीराव फुले आपली माणसं घेऊन त्यांच्या पाठीशी उभे राहिले. पुढं त्या दक्षिणेतून मराठी पुस्तकांना बक्षिसं मिळू लागली. तळेगावातल्या श्रावणातल्या ओंजळीतून निघालेलं पाणी शंभरावर वर्षं वाहत मराठी छापखान्यापर्यंत पोचलं. ही गोष्ट इंदुरीच्या शाळेतल्या मुलांना सांगितली, तर ‘आपल्या गावाचा इतिहास’ म्हणजे फक्त ढाल-तलवार नव्हे हे वेगळं शिकवावं लागणार नाही.

तुम्ही म्हणाल, एवढं सगळं पाटीवर कसं मावेल? नाही मावणार. आणि इथं मला आपल्या मावळाचीच एक जुनी रीत आठवते.

आपल्याकडे पाट्या लिहायची कला दोन हजार वर्षांची आहे. कार्ल्याच्या लेण्यात जा आणि चैत्यगृहाचे खांब आणि दरवाजे नीट बघा. जागोजागी एकेक ओळ आहे. कोण, कुठला, काय धंदा, काय दिलं. संपलं. कुणी धेनुकाकटचा यवन आहे, कुणी सुतार, कुणी अत्तराचा व्यापारी. एक जण समुद्रकाठच्या शूर्पारकाचा, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याचा. वैजयंतीच्या भूतपाल शेठीनं एवढं मात्र म्हणून घेतलं, की हे शैलगृह जंबुद्वीपात उत्तम आहे. चैत्यगृह बघितल्यावर त्याला कुणी खोटारडा म्हणणार नाही. आणि त्याहून जवळचं उदाहरण हवं असेल तर घोरवडेश्वरच्या डोंगरावर, शेलारवाडीच्या लेण्यांत आहे. महाशिवरात्रीला आपण सगळे तिथं जातो. तिथल्या लेखात दान देणारी आहे एका नांगरकऱ्याची बायको. तिनं मुलाला बरोबर घेऊन लेणं दान केलं. राणी नाही, शेठाणी नाही, कुळंबीण. तिचं, नवऱ्याचं आणि पोराचं नाव आजही दगडावर आहे. दोन हजार पावसाळे गेले, तिची पाटी वाचता येते. आपल्या चौकातला फ्लेक्स एका वळवाच्या पावसात फाटतो.

ते लेख कशामुळं टिकले? दगड होता, हे तर खरंच. पण मजकूरही नेमका होता. मोठेपणाची विशेषणं नव्हती, ‘शुभेच्छुक’ नव्हते, डाव्या कोपऱ्यात गॉगल लावलेला कुणी नव्हता. म्हणून दुसरं मागणं हात जोडून करतो. पाटीवर उद्घाटन कुणाच्या हस्ते, प्रमुख उपस्थिती कुणाची, सौजन्य कुणाचं, यातलं काहीही नको. दगड ज्यानं दिला त्याचं नाव लिहायचंच असेल तर त्या कुळंबिणीच्या मापानं लिहा. एक ओळ, खाली, बारीक.

कार्ल्याचं नाव निघालं म्हणून आणखी एक सांगतो. आपण मावळे स्वतःला डोंगरातली माणसं समजतो, पण मावळाचा अर्धा जीव समुद्राकडे आहे. शूर्पारकाचा तो दाता घाट चढून आला, आणि ती वाट अजून बंद झालेली नाही. चैत्रात एकवीरेच्या पालखीला मुंबई, ठाणे, रायगडच्या कोळीवाड्यांतून माणसं येतात आणि कार्ल्याचा डोंगर सुकटीच्या वासानं आणि ढोलांनी भरून जातो. युनेस्कोनं जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा दुर्गांना जागतिक वारसा म्हटलं. त्या यादीत पाण्यातले खांदेरी, सुवर्णदुर्ग, सिंधुदुर्ग आहेत, किनाऱ्यावरचा विजयदुर्ग आहे, आपला लोहगड आहे, आणि ज्या वाटेवर दाभाडे राजाराम महाराजांच्या सोबत गेले त्या वाटेच्या टोकाची जिंजीही आहे. इंदुरी त्या यादीत नाही. असायलाही नको, आपला किल्ला तेवढा मोठा नाही. पण त्या बारांतल्या लोहगड आणि जिंजी या दोन नावांच्या मधला दुवा तुमच्या वेशीत उभा आहे, हे सांगायला युनेस्कोची परवानगी लागत नाही.

किल्ल्यापलीकडेही तुमचं गाव उभं आहे. समोर भंडाऱ्याचा डोंगर, जिथं तुकोबा एकांताला जात. माघ शुद्ध दशमीला तिथं गाथेचं पारायण होतं, तेव्हा इंदुरीच्या रस्त्यावर टाळ-मृदंग आणि चाकणचे ट्रक एकाच वेळी असतात. खालच्या अंगाला देहू आहे. कुरवंड्याकडे उगम पावलेली इंद्रायणी तुमच्या बुरजांना वळसा घालून तुकोबांच्या गावाला जाते, मग ज्ञानोबांच्या, आणि तुळापूरला भीमेला मिळते. शहरातल्या बहुतेकांना इंद्रायणी ठाऊक आहे ती किराणा दुकानातली. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून १९८७ मध्ये आलेल्या वाणाला या नदीचं नाव दिलं, आणि ते पुण्यापासून परदेशापर्यंत गेलं. भात सगळ्यांच्या घरात शिजतो, नदी कुठून येते ते विचारलं तर हात वर. पाटीवर नदीचं नाव आलं पाहिजे. नदी नसती तर किल्ला तिथं नसता.

नदीचं नाव घेतलं की कुंडमळा टाळून पुढं जाता येत नाही. १५ जून २०२५, रविवार. नदीतली रांजणखळग्यांची कुंडं बघायला आलेली माणसं जुन्या लोखंडी पुलावर होती, आणि पूल पडला. चार जण गेले, कितीतरी जखमी झाले. त्या दिवशी आपल्या दोन्ही गावांतली पोरं पाण्याकडे धावली, ते मी विसरलेलो नाही. पूल धोक्याचा असल्याची पाटी तिथं होती, असं नंतर सगळेच म्हणाले. म्हणून माझ्या मागण्यावरचा सर्वात कठीण आक्षेप मीच घेतो. पाटीनं काय होतं? पाटी कोण वाचतं?

नुसत्या पाटीनं काहीच होत नाही, हे खरं. सरकारी पाटी आपण वाचत नाही, कारण ती कुणीतरी कुठूनतरी आणून रोवलेली असते. तिच्यामागं गाव उभं नसतं. मी मागतो आहे ती पाटी बाहेरून येऊ नये. तिचा मजकूर ग्रामसभेत मोठ्यानं वाचला जावा, त्यावर भांडण व्हावं, म्हाताऱ्यांनी शब्द बदलावेत, मास्तरांनी शुद्धलेखन तपासावं, शाळेतल्या मुलांनी तो पाठ करावा. मग पुढच्या रविवारी चिंचवडची मुलगी शरभाकडे बोट दाखवील, तेव्हा शेजारचं पोरगं सांगेल, की सिंहासारखा दिसला तरी हा सिंह नव्हे, शरभ आहे. सिंहाच्याही वरचढ समजलेला, बळाची खूण म्हणून जुन्या दरवाजांवर कोरतात तो. पाटीवर नसलेलं उत्तर द्यायला पोरगं शिकलं, की पाटी कामी आली.

आणखी दोन गोष्टी, म्हटलं तर बारीक. दरवाजावरच्या शरभावर आणि गणपतीवर ऑइलपेंट लावू देऊ नका. भक्तीनं लावलेला असला तरी रंगाखाली कोरीवकामाची धार बुजते आणि दगडाला श्वास घेता येत नाही. आणि विटांच्या नगारखान्याची डागडुजी करायची वेळ आलीच, तर सिमेंटची पिशवी आणण्याआधी चुन्याच्या कामातला जाणकार बोलवा. त्या विटा चुन्यात बसवलेल्या आहेत. कडक सिमेंट ओल आत कोंडतं, मग वीटच भुगा होते. आपल्या आजोबांच्या घराच्या भिंती कशा होत्या ते आठवलं तरी हे पटेल.

या सगळ्याला घाई कशाची, असं कुणी विचारेल. घाई आहे. तळेगाव–चाकण रस्त्यावर दर महिन्याला नवी इमारत उभी राहते. तिथं राहायला येणारी माणसं चांगली आहेत, कष्टाची आहेत, लातूर-बीडपासून बिहारपर्यंतची आहेत. दहा वर्षांत इंदुरीत जुन्या इंदुरीकरांपेक्षा तीच जास्त असतील. त्यांना हे गाव आपलं वाटायला हवं असेल तर गावानं त्यांना स्वतःची ओळख करून द्यायला हवी. पाहुण्याला यजमानानं घर दाखवायचं असतं. नाहीतर ‘इंदुरी’ म्हटलं की मध्य प्रदेशातलं इंदूर का, असं विचारणारी पिढी आपल्याच गावात वाढेल.

मजकुराचा एक कच्चा खर्डा खाली देतो. तो माझा आहे, म्हणून शेवटचा नाही. खोडा, बदला, पण वाढवू नका:

“हा इंदुरीचा किल्ला. सरसेनापती खंडेराव दाभाडे यांच्या काळात, इ.स. १७२०च्या सुमारास, इंद्रायणीकाठी बांधला. दाभाड्यांच्या फौजांनी गुजरातेत मराठ्यांचा अंमल नेला. बडोद्याचे गायकवाड त्यांच्याच पथकातून पुढे आले. १ एप्रिल १७३१ रोजी डभोई येथे पेशव्यांशी झालेल्या लढाईत खंडेरावांचे पुत्र सेनापती त्र्यंबकराव मारले गेले. त्यांच्या मातोश्री उमाबाई यांनी पुढे सेनेचा कारभार पाहिला; त्यांची समाधी तळेगावी आहे. १७५१ मध्ये दाभाड्यांची सत्ता मोडली. आत कडजाई देवीचे मंदिर आहे. दरवाजावर गणपती व शरभ कोरले आहेत. त्यांना रंग लावू नये. — ग्रामसभा, इंदुरी.”

साधारण सत्तर-पंचाहत्तर शब्द आहेत. यात कुणाचा जयजयकार नाही, कुणाची निंदा नाही. शेवटच्या सहीत एकट्या माणसाचं नाव नाही, कारण ग्रामसभेत सगळे आले. येणारेही आणि न येणारेही.

सभेची तारीख ठरली की कळवा. शेजारी म्हणून मागच्या बाकावर बसेन. कुणी विचारलं तरच बोलेन. दगडासाठी वर्गणी काढलीत तर माझा वाटा मी देईनच, माझं नाव मात्र पाटीवर घालू नका.

आपला,
इंद्रायणीच्या पलीकडचा एक शेजारी
तळेगाव दाभाडे